कोणती प्रत मूळ? जुन्या भूमिका-खेळांचा संग्रह आणि हौशी मंडळी

१९७४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या तळ्याकाठच्या लहान गावात, तीन भागीदारांच्या एका कंपनीनं एक खेळ विक्रीला काढला. नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. प्रती हजार, किंमत दहा डॉलर. पुठ्ठ्याची पेटी, तिच्यावर लाकडाच्या रेषांसारखा दिसणारा कागद, आत तपकिरी मुखपृष्ठाच्या तीन पुस्तिका आणि काही सुटे तक्ते. फासे नाहीत, ते वेगळे मागवायचे. छापखान्यातून पुस्तिका आल्या की घरीच पेट्या भरायच्या आणि लेबलं डकवायची. या हजार प्रती खपायला वर्षाच्या आसपास लागलं. आपल्याकडचा एखादा बरा दिवाळी अंक यापेक्षा जास्त खपतो.

आज त्या हजारातली एखादी धड पेटी लिलावात आली तर तिची किंमत निवृत्त प्राध्यापकानं विचारू नये. मला आज किमतीबद्दल फारसं बोलायचंही नाही. पन्नास वर्षांपूर्वी घराघरांतून विखुरलेली, खेळून खेळून फाटलेली, आयांनी रद्दीत घातलेली ही वस्तू नेमकी काय होती, कितव्या छपाईत काय लिहिलं होतं, हे आज आपल्याला कळतं. ते कुणामुळे कळतं? छापणाऱ्यांनी तशी नोंद ठेवली नव्हती. विद्यापीठांना कित्येक वर्षं या गोष्टीचा पत्ता नव्हता. हे काम केलं हौशी मंडळींनी. माझ्या मते ते खरंखुरं इतिहासाचं काम आहे, आणि त्यात जोखीमही आहे. तिच्याकडे मी शेवटी येईन.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. सूत्रधार सांगतो, 'समोर दगडी दार आहे, पलीकडून आवाज येतोय.' तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं. जमलं की नाही ते फासे आणि नियम ठरवतात. पट असलाच पाहिजे असं नाही, आणि कुणी जिंकत नाही. आपल्याकडे लहानपणी 'चल, तू चोर, मी पोलीस' म्हणून जे चालायचं, त्याला कुणीतरी शंभर पानांचे नियम लिहिले, असं समजा.

हे काही आकाशातून पडलं नाही. प्रशियात राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी लष्करी अधिकाऱ्यांसाठी युद्धखेळ बनवला. बापाचा १८१२ चा आणि मुलाचा, जास्त सुटसुटीत, १८२४ चा. त्यात पंच होता, फासे होते, नकाशा होता. पुढे एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपानं छापले. १९६० च्या दशकात अमेरिकेत अशा लढाया खेळणाऱ्यांची मंडळं गावोगाव होती. मिनेसोटात डेव्हिड वेझली या तरुणानं १९६९ च्या सुमारास एक गंमत केली. नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक जर्मन गाव घेतलं, आणि दोन सेनापतींखेरीज बाकीच्या खेळाडूंना गावातली माणसं करून टाकलं. कुणी नगराध्यक्ष, कुणी सावकार, कुणी चक्क विद्यापीठाचा कुलगुरू. (आमच्या व्यवसायाचा या इतिहासातला हा पहिला प्रवेश, नंतरचा इतका निरुपद्रवी नाही.) खेळ वेझलींच्या हाताबाहेर गेला, माणसं आपापसांत कारस्थानं करत फिरू लागली, आणि सगळ्यांना मजा आली. त्याच मंडळातल्या डेव्ह आर्नसननं ही कल्पना 'ब्लॅकमूर' नावाच्या आपल्या राज्यात आणि त्याच्या तळघरांत नेली. इकडे लेक जिनिव्हात गॅरी गायगॅक्स होता. विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर घरी चपला-बूट दुरुस्त करून संसार चालवणारा माणूस. त्यानं जेफ पेरेनबरोबर १९७१ मध्ये 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढाईचे नियम छापले होते, त्यांना जादू आणि राक्षसांची पुरवणी होती. आर्नसन आणि गायगॅक्स यांच्या जोडीतून १९७४ ची पेटी आली. पुढे श्रेयावरून आणि मानधनावरून भांडण झालं, १९७९ मध्ये आर्नसन कोर्टात गेले, १९८१ मध्ये तडजोड झाली.

हे भांडण लक्षात ठेवा. कारण 'कुणी काय लिहिलं' हा प्रश्न आला की 'कोणत्या प्रतीत काय आहे' हा प्रश्न मागोमाग येतोच.

आता त्या पेटीकडे या. हजार संपल्यावर १९७५ च्या सुरुवातीला आणखी हजार छापल्या, मग त्याच वर्षी तिसरी छपाई. या तिन्ही लाकडी रेषांच्या पेटीत. त्यानंतर पांढरी पेटी आली. कंपनीचे एक संस्थापक डॉन के १९७५ च्या जानेवारीत वारले, वय जेमतेम छत्तीस. त्यानंतर भागीदारी बदलली. अशा वेळी कुणाला वाटेल की कितवी छपाई हे आत छापलेलं असेल, ते बघितलं की झालं. दर वेळी तसं नसतं. प्रकाशकाचा पत्ता, लेबलावरचं चित्र, एखाद्या तक्त्यातली दुरुस्ती, अशा खुणांवरून ते ओळखावं लागतं. आणि एका पेटीतली तीन पुस्तकं एकाच छपाईची असतील याचीही खात्री नाही, कारण शिल्लक माल संपवायचा असतो. गिरगावातल्या कुठल्याही प्रकाशकाला विचारा, तो हसेल आणि मान डोलावेल.

एक फरक मात्र ठळक आहे. सुरुवातीच्या छपायांत 'हॉबिट' आहेत, 'बालरॉग' आहे, 'एंट' आहेत. हे सगळे टोल्कीन यांच्या कादंबऱ्यांतले प्राणी. १९७७ मध्ये हक्कधारकांकडून आक्षेप आला आणि नंतरच्या छपाईत हॉबिटचा 'हाफलिंग' झाला, एंटचा 'ट्रीएंट' झाला, आणि बालरॉग गेलाच. आजचे लाखो खेळाडू 'हाफलिंग' हा शब्द फार जुना असावा अशा थाटात वापरतात. एका वकिली पत्रानं तो या खेळात रूढ केला, हे फक्त दोन प्रती शेजारी शेजारी ठेवल्या तरच दिसतं.

शेजारी ठेवायला दोन प्रती लागतात, आणि एका माणसाकडे बहुधा एकच असते. खरी गोष्ट इथे सुरू होते. हौशी मंडळींनी एकमेकांना पत्रं लिहून, पानांच्या झेरॉक्स आणि पुढे छायाचित्रं पाठवून, 'माझ्या प्रतीत अमुक पानावर असं आहे, तुझ्या प्रतीत काय आहे?' असं विचारत विचारत सगळ्या छपायांची एक सामाईक सूची तयार केली. या मंडळींना सवयही होती. लॉस एंजेलिसला ली गोल्ड या बाईंनी १९७५ मध्ये 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' नावाचं एक हौशी नियतकालिक सुरू केलं होतं. प्रत्येकानं आपली पानं तयार करून पाठवायची, बाईंनी सगळ्यांची एकत्र गड्डी बांधून प्रत्येकाला परत पोस्टानं धाडायची. त्यात लोक खेळाचे नियम भांडून भांडून तपासत. ते सुमारे पन्नास वर्षं चाललं. आमच्या तत्त्वज्ञानाच्या कित्येक नियतकालिकांना हे भाग्य लाभलेलं नाही.

पुण्यात बोलताना मला भांडारकर संस्थेची आठवण येणं अटळ आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ ला सुरू झालं, १९६६ ला पुरं झालं, आणि त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. सुकथनकरांची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. दोन पोथ्यांत एकच चूक असेल तर त्या एकाच घराण्यातल्या असण्याची शक्यता मोठी. संग्राहक नेमकं हेच करतात, फक्त त्यांना ते पाठचिकित्सा आहे हे कुणी सांगितलेलं नाही. विषयाचं मोल सारखं आहे असं मी म्हणत नाही, उगाच अंगावर येऊ नका. पद्धत सारखी आहे. फरक इतकाच की भांडारकरमध्ये पंडितांचं मंडळ होतं, आणि इथे कोण आहेत? टपाल खात्यातले, शाळामास्तर, प्लंबर.

माझा स्वतःचा संग्रह लहान आहे. सतरा वस्तू, त्याही बहुतेक मुलीनं मिनियापोलिसहून येताना बॅगेत घालून आणलेल्या. पण ही मदत कशी चालते ते मी जवळून पाहिलं आहे. १९८० मध्ये 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' नावाचं एक जाड पुस्तक निघालं. जगभरच्या देवदेवतांना खेळातली पात्रं केलेलं. पहिल्या दोन छपायांत लव्हक्राफ्टच्या कथांतले थूलू वगैरे देव होते, आणि मूरकॉकच्या मेल्निबोनेचे. त्यांचे खेळाचे हक्क केऑसियम या दुसऱ्या कंपनीकडे होते. समझोता असा झाला की पुस्तकात केऑसियमचे आभार मानायचे. दुसऱ्या छपाईत ते आभार आले. मग बहुधा मालकांना वाटलं असावं, प्रतिस्पर्ध्याची जाहिरात आपल्या पुस्तकात कशाला. ती दोन्ही प्रकरणंच काढून टाकली, आणि १४४ पानांचं पुस्तक १२८ पानांचं झालं. गंमत म्हणजे १२८ पानांच्या काही प्रतींत आभार तसेच राहिले. पाहुणे गेले, पंगतीतलं ताट राहिलं.

मला ही १४४ पानांची प्रत हवी होती. इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडे होती, म्हणे. पैसे देण्याआधी मी एका जुन्या जाणत्या संग्राहकाला विचारलं. या गृहस्थांना मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. त्यांनी आधी विचारायला सांगितलं, आभाराची ओळ आहे का? विक्रेत्यानं उत्साहानं त्या ओळीचं छायाचित्र पाठवलं. मला वाटलं, झालं. गृहस्थ म्हणाले, 'थांबा, आभार म्हणजे पुरावा नव्हे. अनुक्रमणिका मागवा.' अनुक्रमणिका आली, तीत थूलू नव्हता. विक्रेता फसवत होता असं नाही, त्यालाही माहीत नव्हतं. पण आभार उरले म्हणून ज्याचे आभार तोही उरला, असं अनुमान धूर पाहून अग्नी सांगण्यासारखं सरळ नाही. नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतील. प्लंबरनं मला न्यायशास्त्र शिकवलं. हो, ते गृहस्थ प्लंबर आहेत.

त्याच पुस्तकात आपली मंडळीही आहेत, म्हणजे इंद्र, अग्नी, वरुण, यम, विष्णू, काली. त्याआधी १९७६ च्या एका पुरवणीतही भारतीय देव होते. प्रत्येकाला अंक दिलेले. चिलखत किती, किती मार खाल्ल्यावर मरेल याचा आकडा किती. काही जणांना हे ऐकून राग येतो. मला त्यात जास्त कुतूहल वाटतं ते याचं की इंद्राला तिथे सूक्तातला इंद्र म्हणून घेतलेला नाही, ग्रीक झ्यूसच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलेला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या तौलनिक दैवतशास्त्राची ती पातळ केलेली आमटी आहे. विस्कॉन्सिनच्या वाचनालयात जी पुस्तकं होती ती अशीच होती.

फाशांबद्दलही दोन शब्द बोलतो, कारण तिथे माझा प्लेटो आहे. या खेळाला चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे पाच फासे लागत. हीच पाच नियमित घनाकृती. 'तिमायस'मध्ये प्लेटो चतुष्फलकाला अग्नी देतो, घनाला पृथ्वी, अष्टफलकाला वायू, विंशतिफलकाला जल, आणि द्वादशफलक अखिल विश्वासाठी राखून ठेवतो. हे फासे सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या एका शैक्षणिक साहित्य विकणाऱ्या कंपनीकडून येत, गणित शिकवायला केलेले. प्लास्टिक इतकं मऊ की कडा झिजून वीस बाजूंचा फासा गोटी होत असे. वीस बाजूंवर शून्य ते नऊ हे आकडे दोनदा. १९७९ मध्ये मागणी एवढी वाढली की फासेच मिळेनात, तेव्हा पेटीत कागदी चिठ्ठ्या दिल्या, पेल्यात घालून काढायच्या. आज चिठ्ठ्यांची न कापलेली पट्टी हवीहवीशी वस्तू आहे. टंचाईला असे दिवस येतात.

संग्रहात अर्धवट पेट्या फार. एकाकडे पुस्तिका आहेत, झाकण नाही. दुसऱ्याकडे झाकण आहे, आत उंदरांनी खाल्लेलं. मग ही मंडळी एकमेकांना सुटे भाग देतात, बरेचदा टपालखर्चावर. मला एका पेटीचा हरवलेला नकाशा असाच ओहायोहून आला. मिलिंद राजाला नागसेन विचारतो ना, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? तोच प्रश्न. संग्राहकांनी त्याचं व्यवहारी उत्तर काढलं आहे. जुळवलेला संच चालेल, पण जुळवलेला आहे हे सांगायचं. न सांगता विकला तर त्या माणसाशी पुन्हा कुणी बोलत नाही. आणि अशी माणसं आहेत. जुन्या पेटीला नवं प्लास्टिक गुंडाळून 'न उघडलेली' म्हणून विकणारे, आणि रंगीत झेरॉक्स मारून दुर्मीळ पुस्तिका पाडणारे. १९७९ च्या एका स्पर्धेसाठी काढलेली 'लॉस्ट टमोआचान' ही पुस्तिका सुमारे ३०० प्रतींचीच होती. अशा गोष्टींना नकला फुटतातच.

आता एका बाईंबद्दल. जीन वेल्स १९७९ मध्ये त्या कंपनीत आल्या, खेळ रचणाऱ्या विभागातल्या पहिल्या स्त्री. त्यांनी नवशिक्यांसाठी एक साहसकथा लिहिली, 'पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस'. १९८१ मध्ये ती नारिंगी मुखपृष्ठासह छापून आली, आणि आल्या आल्या मागे घेतली गेली. आतल्या काही चित्रांवर वरिष्ठांचा आक्षेप होता. छापलेल्या प्रतींचा मोठा भाग कचऱ्याच्या डेपोत पुरला. मग टॉम मोल्डव्हे यांच्याकडून मजकूर बराचसा बदलून घेऊन हिरव्या मुखपृष्ठानं तेच नाव पुन्हा बाजारात आणलं. हिरव्या प्रतीवर वेल्स यांचं नाव आहे, पण ते लिखाण पुष्कळसं त्यांचं नाही. थोड्या नारिंगी प्रती कर्मचाऱ्यांच्या घरी गेलेल्या होत्या, म्हणून वाचल्या. त्या संग्राहकांकडे फिरल्या, त्यांच्यावर लिहिलं गेलं, आणि पुढे नव्या मालक कंपनीनं मूळ रूप सर्वांना मोफत वाचायला दिलं. वेल्स २०१२ मध्ये गेल्या. नारिंगी प्रत विकत घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना ती केवळ दुर्मीळ म्हणून हवी असते हे मला माहीत आहे. पण त्यांच्या हव्यासामुळे एका लेखिकेचं लिखाण तिच्या शब्दांत शिल्लक राहिलं. हेतू आणि फळ यांचा संबंध इतका साधा नसतो, हे कर्मयोगावर बोलणाऱ्यांनी कधीतरी मनावर घ्यावं.

आणि आता ती जोखीम. १९७५ मध्ये याच कंपनीनं 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा एक देखणा, महागडा संच काढला. लेखक प्रा. एम. ए. आर. बार्कर, मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाचे अभ्यासक. १९६७ चा त्यांचा उर्दू पाठ्यक्रम पुष्कळांनी अभ्यासला आहे. तरुणपणी ते भारतात आले, इस्लाम स्वीकारला, भाषा शिकले. 'टेकुमेल' हे त्यांचं काल्पनिक जग बघितलं तर चकित व्हायला होतं. त्याला स्वतःच्या लिपी आहेत, व्याकरणं आहेत, गोत्रांसारखी कुळं आहेत, आणि मध्य अमेरिका नि भारत यांच्या छटा. युरोपी किल्ले आणि सरदार यांच्या गर्दीत हे एकच जग असं वाटत होतं की ज्याला आपल्याकडची हवा लागली आहे. मला हा संच सगळ्यांत प्रिय होता.

बार्कर २०१२ मध्ये वारले. २०२२ च्या मार्चमध्ये, त्यांच्या साहित्याची व्यवस्था पाहणाऱ्या टेकुमेल फाउंडेशननं जाहीरपणे मान्य केलं की १९९१ मध्ये टोपणनावानं निघालेली 'सर्पंट्स वॉक' ही नाझीवादी कादंबरी बार्कर यांचीच होती. यहुद्यांचा संहार नाकारणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळावरही ते कित्येक वर्षं होते. म्हणजे मघाचा तो निरुपद्रवी कुलगुरू आणि हा खराखुरा प्राध्यापक, दोघे एकाच राज्यातले.

हौशी मंडळींत यावर फार बोलणं झालं. काहींनी संच विकून टाकले. काहींचं म्हणणं, लेखक वेगळा, कृती वेगळी. काही म्हणाले, हे उकरून कशाला काढलं. या तिसऱ्या म्हणण्याशी मी सहमत होऊ शकत नाही. पुस्तिकेच्या कोपऱ्यातला पत्ता बदलला तर त्यावर चार पत्रं लिहिणाऱ्या, आभाराच्या एका ओळीवरून छपाई ओळखणाऱ्या लोकांनी टोपणनावाखालचं पुस्तक मात्र ओळखू नये, ही मागणी कोणत्या तोंडानं करायची? पाठचिकित्सा आपल्या सोयीच्या पानाशी थांबत नाही. उरतो प्रश्न वस्तूचा. ती फेकली तर जीन वेल्स यांची नारिंगी पुस्तिका पुरणाऱ्यांनी केलं तेच आपण केलं, कारण वेगळं असलं तरी. आणि ती कौतुकानं काचेत मांडली तर तेही खोटं. माझ्याकडे तो संच आहे. मी त्या फाउंडेशनच्या निवेदनाची छापील प्रत पेटीत, नियमांच्या पुस्तकावर ठेवली आहे, म्हणजे झाकण उघडणाऱ्याच्या हाती आधी ती येईल. ओहायोच्या त्या माणसाला मी हे कळवलं. त्यांचं म्हणणं असं की सूचीत अशा पेटीची नोंद 'नंतर घातलेल्या कागदासह' अशी करायला हवी, तारीख घालून. मी तारीख घातली आहे.

वेळ झाली आहे. पेट्या पलीकडच्या खोलीत टेबलावर ठेवल्या आहेत. बघताना चहाचा कप बाहेर ठेवा, आणि पुस्तिका पूर्ण उघडून सपाट करू नका, पन्नास वर्षांच्या पिना गंजल्या आहेत.